पाणी कुठून येतं

त्या घरात शिरायचं तर दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं. घर बांधलं तेव्हा दोन पायऱ्या वर चढावं लागायचं, असं मावशी सांगतात. घर जागचं हललेलं नाही, गल्ली वर आली आहे. दर काही वर्षांनी काँक्रीटचा एक थर, त्यावर पेव्हर ब्लॉक, मग पाइपलाइनीसाठी खोदकाम, पुन्हा थर. मावशींनी उंबरा तीन वेळा उंच करून घेतला. तिन्ही वेळचं सिमेंट निरनिराळ्या रंगाचं आहे, बाजूने वाकून पाहिलं की तीन पट्टे दिसतात.

आत गेल्यावर माझं लक्ष गेलं ते पलंगाकडे. मुंबईत एका खोलीच्या संसारात पलंगाखालची जागा म्हणजे दुसरी खोली असते. जास्तीच्या गाद्या, पितळेची भांडी, लग्नाच्या अल्बमची पेटी, गौरी-गणपतीचं सामान, सगळं तिथेच ढकललेलं असतं. मावशींच्या पलंगाखाली काहीच नव्हतं, नुसती पुसून काढलेली फरशी. फ्रीज विटांवर उभा होता. स्विचबोर्ड माझ्या खांद्याच्या उंचीला. पिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, रोज भाकरीच्या वेळी स्टूल घेऊन काढावा लागेल असा.

मी फॉर्म घेऊन गेले होते. किनाऱ्याच्या कुठल्या भागाला समुद्रापासून किती धोका आहे याचा अभ्यास एक संस्था करत होती, आणि नकाशांचं काम करणाऱ्या आम्हा चार-पाच जणांकडे घराघरांत फिरून माहिती भरण्याचं काम आलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या या कोळीवाड्याचं नाव लिहीत नाही. गल्ली इतकी लहान आहे की घर लगेच ओळखू येईल. फॉर्ममध्ये प्रश्न होता, समुद्रापासून घराचं अंतर किती. टेपने मोजलं तर पावणेदोनशे मीटरच्या आसपास. पुढचा प्रश्न, गेल्या पाच वर्षांत घरात समुद्राचं पाणी आलं का.

"नाय," मावशी म्हणाल्या.

मी "नाही"च्या चौकोनात खूण केली. पान उलटलं. आणि मग नजर पुन्हा विटांवर गेली.

"मावशी, मग फ्रीज विटांवर का ठेवलाय?"

"पानी येतं ना."

"आत्ता तर नाही म्हणालात."

"तू समिंदराचं इचारलंस, बाय. समिंदराचं नाय येत. मागून येतं, गटारातून. उधानाला."

पाऊस असो-नसो, अमावस्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत, दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला मागच्या नाल्यातलं पाणी उलटं फिरतं. आधी न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात. मग जाळीवरचं झाकण हलतं. मग पाणी. पुढच्या दारासमोर, किनाऱ्यावर, लाट भिंतीला आपटून परत जात असते आणि तिकडे सगळं कोरडं असतं. अगदी पुळणीला लागून असलेली चार घरं जोत्यावर उंच बांधलेली आहेत, त्यांच्या उंबऱ्याला पाणी शिवत नाही. समुद्रापासून दूर, गल्लीच्या आतल्या अंगाला राहणाऱ्या मावशींच्या घरात मात्र पोटरीभर होतं.

मी खूण खोडली. पण "होय"वर करायलाही हात धजेना, कारण प्रश्नात "समुद्राचं पाणी" असं होतं आणि उत्तर देणारीने साफ सांगितलं होतं की हे समुद्राचं नाही. शेवटी "इतर शेरा" या दोन ओळींच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: भरतीच्या वेळी गटारातून. त्या गल्लीतल्या एकवीस घरांपैकी चौदा घरांच्या फॉर्मवर मला हेच लिहावं लागलं. नकाशा तयार झाला तेव्हा "इतर शेरा" त्यात घेतले गेले नाहीत. पुळणीवरची चार जोत्यावरची घरं लाल पट्ट्यात आली. मावशींची गल्ली फिकट पिवळी.

मी चिडले होते, अजूनही ते आठवलं की अस्वस्थ होते. पण ज्या पद्धतीने तो नकाशा होतो ती पद्धत टाकाऊ आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिच्यावर माझा जीव आहे. किनारी असुरक्षितता निर्देशांक असं तिचं लांबलचक नाव. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये तिच्या आधारे भारताच्या किनाऱ्याचा नकाशासंच काढला. त्यात सात गोष्टी पाहिल्या जातात: समुद्राची पातळी किती वेगाने चढते आहे, किनारा दर वर्षी किती झिजतो किंवा वाढतो, जमिनीचा उतार, उंची, भरती-ओहोटीतला फरक, लाटांची उंची, आणि किनारा कशाचा आहे, खडकाचा, वाळूचा की चिखलाचा. प्रत्येकाला धोक्याप्रमाणे गुण द्यायचे, गुणांचा गुणाकार करायचा, घटकांच्या संख्येने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. जे येईल त्याप्रमाणे किनाऱ्याच्या तुकड्याला रंग. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा एका मापाने मोजायचा तर अशीच काहीतरी रीत लागते. जिल्ह्याला पैसा कुठे आधी खर्च करायचा हे ठरवायला ती उपयोगी आहे. देशाच्या मुख्य भूमीचा साधारण एक तृतीयांश किनारा झिजतो आहे हे आपल्याला कळलं ते वर्षानुवर्षांची उपग्रहचित्रं एकावर एक ठेवून अशाच चिकाटीने रेषा जुळवल्यामुळे.

अडचण अशी की ही सगळी मोजणी समुद्रात उभं राहून जमिनीकडे बघते. समोरून काय येईल ते तिला दिसतं. मागून काय येईल ते दिसत नाही.

उंचीचंच घ्या. मोठ्या प्रदेशाच्या अभ्यासात जमिनीची उंची बऱ्याचदा उपग्रह किंवा अवकाशयानातून घेतलेल्या मापांवरून काढतात. २००० साली अवकाशयानातून केलेली एसआरटीएम नावाची मोजणी जगभर वापरली जाते. पण रडारचे तरंग पडतात ते पहिल्या आडव्या आलेल्या वस्तूवर. दाट वस्तीत ती वस्तू म्हणजे पत्रा, गच्ची, नारळाचा शेंडा. म्हणून गर्दीची गल्ली नकाशात आहे त्याहून उंच दिसते. मावशींची गल्ली नकाशात सहा मीटरवर होती. आम्ही ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून, एकाने स्टाफ, म्हणजे उभी मोजपट्टी, धरून, जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेपासून, लेव्हल काढत आलो तेव्हा ती अडीच मीटरच्याही खाली निघाली. साडेतीन मीटर उंची हवेतली होती, पत्र्यांची.

आणि अडीच मीटर म्हणजे कशापासून, हा प्रश्न मुंबईत तीन वेळा विचारावा लागतो. दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत मोठ्या भरतींच्या तारखा छापून येतात: ४.६ मीटर, ४.८ मीटर. हे आकडे मोजले जातात ते भरती-कोष्टकाच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खोल ओहोटीच्या पातळीपासून. सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या वर साधारण अडीच मीटर. म्हणजे ४.८ ची भरती सरासरी समुद्रसपाटीच्या सव्वादोन-अडीच मीटर वर चढते. महापालिकेच्या जुन्या नकाशांत गटारांच्या लेव्हल लिहिल्या आहेत त्या टाउन हॉल डेटमच्या हिशेबाने, फोर्टातल्या त्या जुन्या टाउन हॉलचं नाव घेतलेल्या तिसऱ्याच शून्यापासून. उपग्रहाचं शून्य वेगळं, कोष्टकाचं वेगळं, गटाराचं वेगळं. तिन्ही एका पट्टीवर आणून ठेवली तेव्हा आमच्या टेबलावर एक साधी गोष्ट उघडी पडली: मावशींच्या न्हाणीची जाळी मोठ्या उधाणाच्या पातळीच्या खाली आहे. मावशींना हे माहीत होतंच. त्यांनी फ्रीज विटांवर ठेवला होता.

मला या गोष्टीने इतकं धरून ठेवलं त्याला कारण माझं स्वतःचं घर. मी वाढले दादर-परळच्या हिंदमाताजवळच्या चाळीत. तिथून समुद्र दिसत नाही. वाससुद्धा येत नाही. लहानपणी आम्ही समुद्र पाहायला जायचो, म्हणजे बसने दादर चौपाटीला जायचो, भेळ खायचो आणि घरी यायचो. समुद्र ही जाऊन यायची जागा होती. पण पावसात आमच्या चाळीच्या तळमजल्यावर पाणी भरायचं आणि आई खिडकीत उभी राहून म्हणायची, "आता भरती उतरेपर्यंत काही खरं नाही." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. आईने आयुष्यात कधी भरतीचं कोष्टक हातात धरलं नसेल. पण हिंदमाताचं पाणी उतरायला समुद्राची परवानगी लागते हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३. त्या दिवशी मी कॉलेजातून निघून रात्री साडेदहाला घरी पोचले, एका अनोळखी बाईचा हात धरून, रस्त्याच्या मधल्या दुभाजकावरून, पाय घासत घासत. दुभाजक संपला की पुढचा सापडेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींचं नाव घेत होतो, हात सुटला तर हाक मारता यावी म्हणून. त्या दिवशी सगळे पावसाबद्दल बोलले, आणि पाऊस होताच तसा. पण त्याच दुपारी साडेचार मीटरच्या घरातली भरती होती. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि भरतीच्या वेळी त्यांची तोंडं समुद्राने दाबून धरलेली.

या तोंडांचा हिशेब ज्या दिवशी पहिल्यांदा वाचला तो दिवस मला आठवतो. मुंबईत समुद्रात आणि खाड्यांत पाणी सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यातली ४५ सरासरी समुद्रसपाटीच्याही खाली. १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्या वर राहणारी सहा. एकशे शहाऐंशीतली सहा. मी तो आकडा वाचून कागद खाली ठेवला आणि आईला फोन केला. तिला काय सांगायचं होतं ते नीट सुचलं नाही. एवढंच म्हणाले की तू खिडकीत उभी राहून जे म्हणायचीस ते बरोबर होतं.

मग समुद्र १० सेंटिमीटर चढला तर काय होईल? हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चौपाटी असते, पाणी अर्धी वीत वर आलं तर काय बिघडलं असं वाटतं. जगाच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ पासूनच्या वर्षांत वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला, कारण तापलेलं पाणी प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीची नोंद ठेवली जाते, इतकी जुनी नोंद हिंदी महासागरात फार थोड्या ठिकाणी आहे. मिलिमीटर हा शब्द कानाला क्षुल्लक लागतो. म्हणून मी तो आकडा गटाराच्या तोंडाशी नेऊन बघते.

मोठ्या भरतीला मुंबईत पाणी सहा तासांत चारेक मीटर चढतं. मधल्या टप्प्यात ते झपाट्याने चढतं, पण माथ्याजवळ रेंगाळतं. समजा, आज एखाद्या वाहिनीच्या तोंडाशी भरतीचा माथा जेमतेम टेकतो आणि परत फिरतो. समुद्राची पातळी १० सेंटिमीटर वाढली तर तेच तोंड प्रत्येक तशा भरतीला सव्वा तास पाण्याखाली राहील. आज शून्य मिनिटं, उद्या पंचाहत्तर. आणि त्या पंचाहत्तर मिनिटांत मुंबईचा पाऊस काय करू शकतो हे मुंबईकराला सांगायला नको. चौपाटीवरची अर्धी वीत आणि हिंदमाताचा सव्वा तास, दोन्ही एकच आहेत.

म्हणून मला किनाऱ्याची व्याख्याच बदलावीशी वाटते. मुंबईचा किनारा मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी संपत नाही. तो गटारांतून आत येतो, हिंदमाताला येतो, मिलन सबवेला येतो, शीवला येतो. "शीव" म्हणजेच हद्द. जुन्या मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची, पलीकडे खाडी आणि साष्टी. सायन म्हणता म्हणता आपण ते विसरलो, पण पाणी दर पावसाळ्यात तिथे येऊन उभं राहतं. पायधुणीला खाडीचं पाणी उतरून आलेली माणसं पाय धूत, म्हणून पायधुणी. उमरखाडीच्या नावात खाडी आहे. ब्रीच कँडीतला ब्रीच म्हणजे वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं ते खिंडार, जिथून समुद्र आत शिरायचा. ते बुजवायला बांध घातला, तो १७८४च्या सुमाराला पुरा झाला. बांध उभा राहिना, वारंवार कोसळे, मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू अभियंत्याला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला, ही महालक्ष्मीची गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली होती. आजीला त्या गोष्टीत देवीची कृपा दिसायची. मला मोठेपणी तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. बांधाने समुद्र थांबला, पण मागची जमीन होती तेवढीच खोल राहिली. भायखळा, कामाठीपुरा या बाजूची ती सखल जमीन वाळली, तिच्यावर वस्ती झाली, गिरण्या झाल्या, आणि पावसाचं पाणी बाहेर काढायचा प्रश्न बांधाच्या आतच अडकून पडला. अडीचशे वर्षं होत आली, आपण अजून तोच प्रश्न सोडवतो आहोत.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, खाजण. भरतीला पाण्याखाली जाणारी, ओहोटीला उघडी पडणारी, तिवरं उगवणारी, काही ठिकाणी मिठागरं होणारी जमीन. समुद्राचीही आणि गावाचीही. असा शब्द ज्या भाषेत आहे तिच्या माणसांना किनारा रुंद असतो हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मग आपण खाजणं भरली, त्यांच्यावर सेक्टर पाडले आणि किनारा पेन्सिलच्या रेषेएवढा बारीक केला.

आता पुढे काय करायचं याची चर्चा तीन शब्दांत होते: अडवा, जुळवून घ्या, मागे सरा. मुंबईला अडवणं चांगलं जमतं. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, समुद्रभिंती, पूरदरवाजे. भिंत लागते, जिथे मागे हटायला जागाच उरलेली नाही तिथे दुसरा उपाय नाही. पण उभ्या कठीण भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, समोरची पुळण बारीक होत जाते, आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याच्या दारातली झीज वाढते. एका गावाची भिंत हा पुढच्या गावाचा प्रश्न होतो. एका कोळीवाड्यात म्हातारे तांडेल मला हाताने दाखवत होते, इथपर्यंत वाळू होती, इथे आम्ही होड्या ओढायचो, इथे वलांड्या होत्या, बोंबील सुकायचे. त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी होतं आणि दगड होते.

जुळवून घेण्याचं एक काम मला मनापासून आवडतं, आणि ते माझ्या माहेरच्या अंगणातलंच आहे. हिंदमाताचं पाणी साठवायला महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती असेल तोवर पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवायचं, ओहोटी लागली की समुद्रात सोडायचं. आईच्या "भरती उतरेपर्यंत"ला कोणीतरी अभियांत्रिकीत बसवलं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध इथली उदंचन केंद्रंही भरतीच्या तोंडावर पाणी उचलून बाहेर फेकतात. अजून खूप हवं आहे, पण समुद्राची वेळ पाळून शहर चालवायचं ही दिशा बरोबर आहे असं मला ठामपणे वाटतं.

तिवरांबद्दलही तसंच. ओहोटीला खाडीच्या चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी त्यांची श्वासमुळं वर आलेली दिसतात. त्या हजारो पेन्सिलींमधून येताना पाण्याचा जोर मोडतो, गाळ बसतो, आणि गाळ बसत गेला की तिवरांखालची जमीन सावकाश वर येऊ शकते. चढत्या समुद्राबरोबर स्वतः चढणारी भिंत माणसाला अजून बांधता आलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिवरांच्या तोडीला मनाई केली, २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. पण तिवरांना वर चढायला गाळ लागतो आणि मागे सरायला जागा लागते. मागे कंपाउंडची भिंत असेल तर ती उभ्या जागी बुडतील.

राहिलं मागे सरणं. हे बोलायला सगळ्यात अवघड आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त इक्बालसिंह चहल म्हणाले होते की २०५० पर्यंत नरीमन पॉइंट, मंत्रालय परिसराचा ८० टक्के भाग पाण्याखाली जाईल. दोन दिवस बातम्या झाल्या. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, पूर हा त्यातला एक मोठा विषय. पण मागे सरण्याचा विषय निघाला की बोटं फिरतात ती कोळीवाड्यांकडे, झोपड्यांकडे. टॉवरकडे कोणी बोट करत नाही. कोळ्याला किनाऱ्यावरून उचलून सातव्या मजल्यावर नेलं तर तो धोक्यातून सुटला असं नकाशा म्हणेल. त्याची होडी कुठे राहील? पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवायला उघडी पुळण लागते, जाळं शिवायला सावली लागते, बोंबील वाळवायला वारा लागतो. त्या माणसांना पाण्याबरोबर राहता येतं. आपल्याला येत नाही.

मागे सरायचं असेल तर सुरुवात रिकाम्या जागेपासून करावी. जी खाजणं, मिठागरं अजून मोकळी आहेत ती मोकळी राहू द्यावी, पाण्याला यायला आणि थांबायला. सर्व्हे ऑफ इंडियाने देशाच्या किनाऱ्यावर धोका-रेषा आखून दिली आहे, त्यासाठी वर्षं आणि पैसा घातला आहे. पण २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी म्हणून ठेवली. बांधकाम करू द्यायचं की नाही हे ती ठरवत नाही. धोका कुठवर आहे हे माहीत असून तिथे नवीन घरं विकली जावीत, हे मला पटत नाही. तिथे घर घेणाऱ्या नव्या जोडप्याला कोणीतरी ती रेषा दाखवायला हवी.

आणि विचारायला हवं, आधी. वरळीच्या कोळ्यांनी सागरी मार्गाच्या खांबांमधलं अंतर आपल्या होड्यांना पुरणार नाही म्हणून केवढा लढा दिला. ६० मीटरचं १२० मीटर झालं ते २०२२च्या अखेरीला, खांबांची कामं सुरू झाल्यानंतर. क्लीव्हलँड बंदरातून वाऱ्यात होडी कशी बाहेर पडते हे त्यांना पहिल्या दिवशी विचारलं असतं तर एका दुपारचं काम होतं. मावशींना फॉर्मवर "पाणी कुठून येतं" एवढं विचारलं असतं तरी नकाशाचा रंग बदलला असता.

तो प्रश्न मी आता माझ्या फॉर्ममध्ये पहिला ठेवते. निसर्ग वादळ आलं, तौक्ते आलं, तौक्तेच्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा सुटला होता. वादळाबद्दल लोक भरभरून सांगतात. मी ऐकून घेते आणि मग विचारते, की साध्या उधाणाला, आभाळ कोरडं असताना, पाणी कुठून येतं. बहुतेक जण मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन जातात.

मागच्या जुलैत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मावशींकडे गेले, कामासाठी नाही, मला बघायचं होतं. मासेमारी बंद, मुलगा घरीच, होडीला रंग देत होता. मावशींनी चहा केला, सोबत सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी. पावणेबाराला त्यांनी न्हाणीच्या जाळीत वाळूने भरलेली पिशवी घट्ट बसवली, वर पाटा ठेवला. दोरीवरच्या साडीचा पदर खाली लोंबत होता तो वर घेतला. मग आम्ही दोघी पाय वर घेऊन पलंगावर बसलो.

कोष्टकात भरतीची वेळ बारा छत्तीस होती. बारा वीसला पिशवीच्या कडेने पाणी पाझरायला लागलं. आवाज नाही, फेस नाही. पाणी फरशीच्या सांध्यांमधून पुढे सरकत होतं, एका चौकोनाची कड भरायचं, मग दुसऱ्या. मी उतरून भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली, वेळ लिहिली. बारा छत्तीसला दुसरी रेघ मारली, पहिलीच्या चार बोटं वर. पिशवीतला टेप काढला, आकडा वहीत उतरवला, पेन्सिल कानामागे खोचली.

"झालं?" मावशींनी विचारलं.

"झालं. भरती पुरी झाली, आता उतरेल."

"ती अपोलो बंदरची येळ." त्यांनी मला हाताने खूण केली, पाय वर घे म्हणून. "आपल्या गटाराला अजून अर्धा तास हाय. बस."

मी पेन्सिल हातात घेऊन बसले.